एक फेरी ६४० मिलिसेकंदांची: उपग्रहाच्या इंटरनेटवर प्रॉक्सी कसा बसवावा

“ताई, मोडेमचे सगळे दिवे हिरवे आहेत. स्पीड टेस्टही चार एमबीपीएस दाखवते. पण पान उघडत नाही हो, नुसतं चाक फिरत राहतं.”

कट्ठीवाड्याच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेतून तिथले कॉम्प्युटरचे सर बोलत होते. सर मूळचे बडवानीचे, मराठी घरातले. मी इंदूरला राजेंद्र नगरात माझ्या टेबलाशी. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे शेवटचे चार दिवस उरले होते. एकोणीस मुली आपापली माहिती वहीत उतरवून रांगेत बसल्या होत्या आणि अर्जाचं चौथं पान येईपर्यंत सेशन संपून जायचं. मग पुन्हा पहिल्या पानापासून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोनच अर्ज गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले. धार, कुक्षी, अलीराजपूर करत दुपारपर्यंत पोचले. तिथे काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि कुठे अडले ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या गावात फायबर पोचलेली नाही, टॉवर डोंगराआड आहे आणि छतावरची छत्री हाच एक मार्ग आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून. प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये बसून ब्राउझरच्या वतीने पानं आणणारा प्रोग्राम. सेटिंगची नावं मी सरांना फोनवर सांगते तशी, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी अंतर समजून घ्या

शाळेची छत्री ७४ अंश पूर्वेच्या जीसॅट-११ कडे बघते. कट्ठीवाडाही जवळजवळ त्याच रेखांशावर, त्यामुळे छत्रीचं तोंड नेमकं दक्षिणेला आणि क्षितिजापासून साधारण ६४ अंश वर आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला हा उपग्रह तिथून तिरप्या रेषेत मोजला तर ३६,३५० किलोमीटर पडतो. आपण पान मागतो तेव्हा मागणी शाळेतून वर जाते, तिथून खाली हबला, म्हणजे सेवा देणाऱ्यांच्या जमिनीवरच्या केंद्रात, येते. उत्तर हबहून वर आणि मग खाली शाळेत. म्हणजे चार वेळा हे अंतर, एकूण सुमारे १ लाख ४५ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने जायलाही ४८५ मिलिसेकंद लागतात. त्यात मोडेमला पाठवण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, हबचं काम, पुढचा जमिनीवरचा प्रवास. शाळेत मी पिंग (एक छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) लावला तेव्हा आकडा ६४० च्या आसपास खेळत होता.

या भागाला छत्री नवी नाही. १९९६ मध्ये इस्रोने झाबुआ विकास संचार प्रकल्प सुरू केला आणि दीडशे गावांत उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले. अलीराजपूर तेव्हा झाबुआ जिल्ह्यातच होतं, २००८ मध्ये वेगळं झालं. पण टीव्हीचा कार्यक्रम एकीकडून निघतो आणि दुसरीकडे पोचतो. अर्धा सेकंद उशिरा पोचला तरी बघणाऱ्याला कळतही नाही. वेबचं तसं नाही. ते सारखं विचारतं आणि उत्तराची वाट बघतं.

त्यामुळे या लिंकवर काम करताना एमबीपीएस बाजूला ठेवायचे आणि फेऱ्या मोजायच्या. इकडून प्रश्न, तिकडून उत्तर, ही एक फेरी, ६४० मिलिसेकंदांची. २०० केबीचं एक साधं पान घ्या. साइटचा पत्ता विचारायला डीएनएसची एक फेरी. टीसीपीची, म्हणजे डेटा पोचल्याची पावती घेत पाठवणाऱ्या पद्धतीची, जोडणी व्हायला एक. टीएलएस १.३ असेल तर कुलूप-किल्लीची एक, जुनं १.२ असेल तर दोन. मग प्रत्यक्ष डेटा; पण टीसीपी सुरुवातीला दबकत पाठवतं. पहिल्या फेरीत दहा पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), म्हणजे १४.६ केबी, पुढच्या फेरीत दुप्पट, त्यापुढे पुन्हा दुप्पट. २०० केबी पुरे व्हायला चार फेऱ्या. एकूण सात फेऱ्या, साडेचार सेकंद. आणि हेच २०० केबी चार एमबीपीएसच्या वाहत्या धारेतून जायला ०.४ सेकंद पुरतात. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्यात जातो. शिवाय अर्जाचं एक पान दहा-बारा ठिकाणांहून तुकडे गोळा करतं, आणि नव्या ठिकाणासाठी हा सगळा क्रम पहिल्यापासून.

मोडेम मदत करतो का, हे तपासा

काहीही बसवण्याआधी हे एक काम करा. पुष्कळ व्हीसॅट, म्हणजे छोट्या छत्रीच्या, मोडेमांमध्ये टीसीपीचा वेग वाढवणारी सोय आत असते. तिला पेप म्हणतात, परफॉर्मन्स एन्हान्सिंग प्रॉक्सी. २००१ च्या आरएफसी ३१३५ मध्ये तिचं वर्णन आहे. मोडेम आपल्या कॉम्प्युटरला “जोडणी झाली” असं जागेवरच सांगतो आणि आकाशातला भाग स्वतःच्या पद्धतीने, दबकत न बसता, सांभाळतो.

ती चालू आहे की नाही हे कळायला सोपी खूण आहे. कर्ल या कमांडला एखादं दूरचं पान मागायला लावा आणि त्याच्याकडून ‘टाइम कनेक्ट’ छापून घ्या. त्यातून ‘टाइम नेमलुकअप’ वजा करा. पिंग ६४० आणि जोडणी मात्र तीन-चार मिलिसेकंदांत झाली, तर मोडेम मध्ये उभा राहून मदत करतो आहे. जोडणीलाही ६४० च लागत असतील तर मदत नाही.

ही चाचणी व्हीपीएन (वाहतूक कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सोय) बंद ठेवूनच करायची. त्याची हकीकत अशी, की शाळेच्या आधी नर्मदेकाठच्या एका दवाखान्यात मी वायरगार्ड हा व्हीपीएन बसवून सगळी वाहतूक त्यातून इंदूरला आणली होती. मला घरबसल्या तिथली यंत्रं बघता यावीत, हा हेतू. पण व्हीपीएनच्या आतलं टीसीपी मोडेमला दिसत नाही. त्याला फक्त अर्थ न लागणारी यूडीपीची (पावती न घेता पाठवणाऱ्या पद्धतीची) पॅकेटं दिसतात आणि त्यांचा वेग तो वाढवू शकत नाही. तिथे मोडेमची सोय उत्तम चालू होती आणि ती मी झाकून टाकली. दीड महिना तिथल्या डॉक्टरांनी हळू नेट सहन केलं. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून देखरेखीचा बोगदा फक्त देखरेखीपुरता ठेवते, वेब त्यातून कधी नेत नाही.

मोडेमची मदत चालू असेल तर टीसीपीशी फारशी खटपट करू नका. डीएनएस, रांग आणि यूडीपी यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे तेवढं करा. शाळेत जोडणीलाही ६५० मिलिसेकंद लागत होते. सेवा देणाऱ्यांना विचारलं, तर त्या प्लॅनमध्ये ती सोय नव्हती. मग ती आपण उभी करायची.

दोन टोकांना दोन प्रॉक्सी

नुसता शाळेत प्रॉक्सी ठेवून भागत नाही, कारण आकाश त्याच्या पुढे आहे. एक शाळेत आणि एक जमिनीवर, जिथे इंटरनेट जवळ आहे तिथे, असे दोन लागतात. आकाशातून मग या दोघांमधली एकच, कायम उघडी, तापलेली जोडणी जाते. जमिनीवरचं टोक मी इंदूरला ठेवलं. दोन्ही दिशांना १०० एमबीपीएसची फायबर, इन्व्हर्टर, स्थिर आयपी. हब दुसऱ्या शहरात असल्यामुळे इंदूरच्या वळशाचे काही मिलिसेकंद वाढतात, पण ६४० पुढे ते खिजगणतीत नाहीत. लाइट सारखे जात असतील तर मात्र भाड्याचा सर्व्हर घ्या. जमिनीवरचं टोक पडलं की शाळा पूर्ण बंद होते.

शाळेसाठी जेल रोडवरून एक जुना छोटा कॉम्प्युटर घेतला होता. दोन लॅन पोर्ट, आठ जीबी रॅम, एसएसडी, त्यावर डेबियन लिनक्स. साखळी अशी: मुलांचा ब्राउझर, शाळेतला स्क्विड, शाळेतला एनजीएचटीटीपीएक्स, आकाश, इंदूरचा एनजीएचटीटीपीएक्स, इंदूरचा स्क्विड, आणि पुढे जग. स्क्विड हा सगळ्यांच्या ओळखीचा, पानं साठवूनही ठेवणारा प्रॉक्सी. एनजीएचटीटीपीएक्सचं काम एवढंच, की शाळेतल्या चौदा कॉम्प्युटरांच्या शेकडो मागण्या एचटीटीपी/२ (वेबची मागण्या-उत्तरांची पद्धत) च्या एका जोडणीत गुंफून नेणं. ही जोडणी टीसीपीवरचं साधं टीएलएस असते. पुढेमागे प्लॅन बदलून मोडेमची मदत मिळाली तर ती हिलाही मिळेल, वायरगार्डसारखी झाकली जाणार नाही.

आता तेच पान मोजू. ब्राउझर पत्ता विचारत बसत नाही, थेट प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ म्हणतो. पत्ता शोधणं आणि साइटशी टीसीपी जोडणं इंदूरचा स्क्विड काही मिलिसेकंदांत करतो. कनेक्टची एक फेरी, टीएलएसची एक, पानाची एक. धार आधीच रुंद आहे, त्यामुळे दबकणं नाही, वर ०.४ सेकंद. साडेचारचे सव्वादोन सेकंद झाले. टीएलएसची फेरी वाचत नाही, कारण ते कुलूप ब्राउझर आणि साइट यांच्यातलं आहे. ते आपण मध्येच उघडावं, म्हणजे स्क्विडचं एसएसएल बंप वापरावं, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं आहे. मी ते करत नाही. त्या कॉम्प्युटरांवरून शाळेचे कर्मचारी बँकेचं काम करतात, पालक आधारचे ओटीपी टाकतात. एखादी फेरी वाचवायला त्यांचं कुलूप फोडायचा मला अधिकार नाही.

इथे दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. पहिलं, शाळेच्या स्क्विडमध्ये ‘कॅश पीअर’ म्हणून पुढचा प्रॉक्सी दिला, तरी कनेक्टच्या मागण्या तो पीअरला सोडून थेट बाहेर पाठवतो. त्याच्या मते त्या साठवण्यासारख्या नसतात, मग पीअरकडे कशाला न्यायच्या. ‘नेव्हर डायरेक्ट अलाऊ ऑल’ लिहिल्याशिवाय सगळी मांडणी फुकट जाते आणि लॉग नीट वाचल्याशिवाय ते कळतही नाही. कट्ठीवाड्यात हे शोधण्यात माझा सबंध तास गेला. दुसरं, इंदूरचा प्रॉक्सी उघडा ठेवू नका. शाळेच्या बाजूचा आयपी बदलता असतो, म्हणून आयपी बघून परवानगी देता येत नाही. क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे शाळेच्या यंत्राचं ओळखपत्र, मागायला लावा. उघडा प्रॉक्सी लोक लगेच शोधून काढतात, आणि मग तुमच्या नावावर काय काय जाईल ते सांगता येत नाही.

टीसीपीची सेटिंग, जेवढी लागते तेवढीच

उपग्रहासाठी टीसीपी जुळवण्याचे जुने लेख बफर (येणारा डेटा ठेवायची जागा) वाढवा म्हणून सांगतात. ते ज्या काळी लिहिले त्या काळी बरोबर होतं. आता हिशोब करून बघा. ४ एमबीपीएस गुणिले ०.६४ सेकंद म्हणजे ३२० केबी. एवढा डेटा एका वेळी हवेत असला पाहिजे. लिनक्सचा हा बफर, ‘टीसीपी आरमेम’, मूळचाच निदान सहा एमबीपर्यंत आपोआप वाढतो. म्हणून मी त्याला हात लावत नाही. स्क्विडमधला ‘टीसीपी रिसीव्ह बफसाइज’ही शून्यच ठेवा, तिथे आकडा दिला की आपोआप वाढणं बंद होतं.

जे बदलावं लागतं ते इंदूरच्या बाजूला. किती वेगाने पाठवायचं हे पाठवणारा ठरवतो, आणि डाउनलोडमध्ये पाठवणारा इंदूरला आहे. शाळेच्या यंत्रावर कंजेशन कंट्रोल (गर्दी बघून पाठवण्याचा वेग ठरवणारी पद्धत) बदलून डाउनलोडला काहीच फायदा नाही. ही गल्लत मी चांगल्या जाणत्या माणसांकडूनही झालेली पाहिली आहे. लिनक्सचा नेहमीचा क्युबिक एक पॅकेट हरवलं की वेग झटकन कमी करतो आणि लांबच्या लिंकवर पुन्हा चढायला वेळ घेतो. उपग्रहासाठी म्हणून इटलीत बोलोन्याच्या संशोधकांनी हायब्ला काढला, तोही लिनक्समध्ये आहे. मी बीबीआर लावते. तो २०१६ पासून लिनक्सच्या ४.९ कर्नलमध्ये आहे आणि पावसात एखाद-दुसरं पॅकेट गेलं तर डगमगत नाही.

‘टीसीपी स्लो स्टार्ट आफ्टर आयडल’ दोन्हीकडे शून्य करा. एरवी एक-दोन सेकंद कोणी क्लिक केलं नाही की तापलेली जोडणी थंड होते आणि पुन्हा दहा पॅकेटांपासून सुरुवात. बीबीआरला ते लागू नाही, पण शाळेतून वर जाणाऱ्या बाजूला क्युबिक आहे, तिथे पडतो फरक. आणि दर मिनिटाला शाळेतून इंदूरकडे एक छोटी मागणी क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीने) पाठवत राहा, म्हणजे जोडणी निष्क्रिय समजून कोणी तोडणार नाही.

ओळखीचा आकडा

एवढं सगळं करून संध्याकाळी सात वाजता मी सरांना म्हटलं, सर, आता एक मोठी फाइल उतरवून बघा. पानं झटपट उघडू लागली होती, दोघेही खुशीत होतो. फाइल सुरू झाली आणि वेग ०.८ एमबीपीएसवर जाऊन थांबला. दुसरी फाइल लावली, तीही ०.८. दोन्ही मिळून १.६. लिंक रिकामी होती, तरी एकट्या फाइलला ०.८ च्या वर जाता येत नव्हतं.

मी कागदावर मांडलं. ६५,५३५ बाइट, गुणिले आठ, भागिले ०.६४. उत्तर ८१९ केबीपीएस. टीसीपीची जुनी ६४ केबीची मर्यादा, जी १९९२ मध्ये विंडो स्केलिंग आल्यावर उठली, तीच मर्यादा एचटीटीपी/२ च्या आत पुन्हा बसलेली आहे. एचटीटीपी/२ मध्ये प्रत्येक प्रवाहाची स्वतःची विंडो असते आणि ती मुळात ६५,५३५ बाइटची. एवढं पाठवलं की समोरून “मिळालं” येईपर्यंत पाठवणारा थांबतो. फायबरवर हे कुणाला जाणवत नाही. इथे फेरी ६४० ची.

शाळेच्या एनजीएचटीटीपीएक्समध्ये ‘बॅकएंड एचटीटीपी२ विंडो साइज’ एक एमबी केली, कारण डाउनलोडचा डेटा त्या बाजूने आत येतो. इंदूरला ‘फ्रंटएंड एचटीटीपी२ विंडो साइज’ तेवढीच, आणि तिथली ‘कनेक्शन विंडो साइज’ त्याहून मोठी, म्हणजे अपलोडलाही अडसर राहू नये. पुन्हा सुरू केलं. एका फाइलला ३.५ मिळाले. सर उठून बाहेर गेले आणि वसतिगृहाच्या ताईंना सांगून आले, की उद्या सकाळी सहालाच मुलींना पाठवा. उरलेले अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी गेले.

मोडेमची मदत असलेल्या लिंकवरही एचटीटीपी/२ चा प्रॉक्सी लावलात तर ही विंडो बघाच. ती टीएलएसच्या आत असते, मोडेमला दिसत नाही.

रांग मोडेममध्ये साचू देऊ नका

६४० ची फेरी ही चांगल्या वेळची. कोणी एकाने कार्यक्रमाचे फोटो अपलोड करायला घेतले की पिंग २,८०० वर जायचा, कारण मोडेम मिळेल ते पोटात घेऊन रांगेत लावतो. जोडणी मागणारं टीसीपी पहिल्यांदा एकच सेकंद थांबतं. फेरी त्याहून लांबली की ते पॅकेट हरवलं समजून तेच पुन्हा पाठवतं, आणि गर्दीत आणखी गर्दी.

उपाय असा, की रांग आपल्या यंत्रावर आणायची. रांग सांभाळणाऱ्या लिनक्सच्या ‘केक’ला वर जाणाऱ्या बाजूला ९०० केबीपीएसची मर्यादा दिली, प्लॅन एक एमबीपीएसचा आहे, खाली येणाऱ्या बाजूला आयएफबी या आभासी पोर्टवर ३,६०० ची. त्याला ‘सॅटेलाइट’ हा शब्द द्यायला विसरू नका. त्याने केक एक सेकंदाची फेरी धरून चालतो. एरवी तो १०० मिलिसेकंद धरतो आणि उपग्रहाच्या जोडण्यांची पॅकेटं घाईने टाकू लागतो. वरच्या बाजूला ‘ॲक फिल्टर’ही लावा. पूर्ण वेगाने डाउनलोड चालू असताना नुसत्या पोचपावत्याच साधारण ७० केबीपीएस वर पाठवतात. आमच्याकडे एक एमबीपीएस आहे म्हणून चाललं. २५६ केबीपीएसचा अपलोड असता तर चौथा हिस्सा पावत्यांनीच खाल्ला असता.

हे केल्यावर फोटो जात असतानाही पिंग ७०० च्या पलीकडे गेला नाही. एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

छोट्या पण नडणाऱ्या गोष्टी

ब्राउझरला प्रॉक्सी सांगायला आम्ही पॅक फाइल देतो. तिच्यात ‘इझ इन नेट’ किंवा ‘डीएनएस रिझॉल्व्ह’ वापरलंत तर प्रत्येक नव्या साइटसाठी ब्राउझर आधी पत्ता विचारायला आकाशात जातो, आणि वाचवलेली फेरी परत येते. नुसतं नाव जुळवून ठरवा: शाळेचा स्वतःचा सर्व्हर असेल तर थेट, बाकी सगळं प्रॉक्सी.

प्रॉक्सी न मानणारी मोबाइल ॲप असतात. ती क्विकने, म्हणजे यूडीपीच्या ४४३ पोर्टवरून, परस्पर बाहेर जातात आणि प्रॉक्सीलाही सापडत नाहीत, मोडेमच्या मदतीलाही नाहीत. तो पोर्ट शाळेच्या यंत्रावर बंद करा, म्हणजे ती टीसीपीवर येतात. पण ‘ड्रॉप’ नको, ‘रिजेक्ट’ लावा. ड्रॉप केलं की ॲप उत्तराची वाट बघत बसतं. अशा उरलेल्या यंत्रांसाठी शाळेतच अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर ठेवला आहे, ‘प्रीफेच’ आणि ‘सर्व्ह एक्स्पायर्ड’ चालू करून.

कॅशबद्दल फार आशा बाळगू नका. आज जवळपास सगळं वेब एचटीटीपीएसवर आहे, स्क्विडला आतलं दिसत नाही. लिनक्सचे आणि विंडोजचे अपडेट मात्र बरेचसे साध्या एचटीटीपीवरून येतात. ‘मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइज’ मुळात चारच एमबी असतो, तो मी ५१२ केला. ‘रेंज ऑफसेट लिमिट’ वाढवू नका. एखाद्याने फाइलचा छोटा तुकडा मागितला तरी स्क्विड सुरुवातीपासून ओढायला लागतो आणि दिवसाचा कोटा संपतो. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये लोकल नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांकडून घेणं चालू केलं, त्याने स्क्विडपेक्षा जास्त वाचलं.

पाऊस आणि सूर्य

कट्ठीवाड्यात पाऊस दणकून पडतो. सिग्नल क्षीण झाला की उपग्रहाची यंत्रणा जोडणी टिकवायला वेग स्वतःच खाली आणते. चारचे दीड होतात. पण आपला केक ३,६०० धरून बसलेला असतो, आणि रांग पुन्हा मोडेममध्ये. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. दर मिनिटाला हबच्या पहिल्या पत्त्याला पिंग करते. लागोपाठ तीनदा १,२०० च्या वर गेला की मर्यादा अर्धी, आणि दहा मिनिटं ८०० च्या खाली राहिला की पूर्ववत. जुलैत या स्क्रिप्टने आमची लाज राखली.

आणि वर्षातून दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्या भागात मार्चच्या दहा-अकरा तारखेच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या आगेमागे, काही मिनिटं छत्रीला सूर्याच्या गोंगाटापुढे काही ऐकू येत नाही. याला कोणतंही सेटिंग नाही. ऑक्टोबरमध्ये सरांनी लॅबच्या फळ्यावर कोपऱ्यात चौकट करून लिहून ठेवलं होतं: १२.१० ते १२.४०, कोणीही सबमिट दाबू नये.